चुकलेल्यांच्या साथीचा बास

मित्रांनो, मी एक जुना डबल बास आहे आणि मी रागावलेलो आहे. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे एवढे मोठे वाद्य आणि इतके तिरसट कसे, असे नंतर कुणी म्हणायला नको.

डबल बास तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला नसेल. दिसायला मी व्हायोलिनसारखा, पण उंचीने माणसापेक्षा मोठा. मला खांद्यावर घेऊन वाजवता येत नाही. वाजवणारा माझ्या शेजारी उभा राहतो, मला अंगाशी टेकवून धरतो आणि बोटांनी माझ्या चार जाड तारा ओढतो. मला रस्त्याने नेताना एक तरी माणूस थांबून विचारतोच, "काय हो, बासरी का नाही शिकलात?" प्रत्येकाला वाटते, हा विनोद आपल्यालाच सुचला. मी तो इतक्यांदा ऐकला आहे की विचारणाऱ्याच्या पायावर पडावेसे वाटते. माझे वजन बरेच आहे.

माझा आवाज खालचा आहे. गाणे संपल्यावर लोकांना पियानो आठवतो, मी आठवत नाही. मी थांबलो तर मात्र खुर्चीचा पाय निघाल्यासारखे होते. चांगल्या खुर्चीचे लोक कौतुक करतात, पण तिच्या पायांची नावे कोणी विचारत नाही. याचा मला पूर्वी राग येत नसे. आता येतो. का येतो तेच सांगायला बसलो आहे.

मला एका चिडक्या कारागिराने घडवले. तो प्रत्येक फळीवर बोटाच्या पेराने ठोकायचा आणि कान लावायचा. फळीने नीट उत्तर दिले नाही की ती भिरकावून द्यायचा. त्याच्या दुकानामागे अशा मुक्या फळ्यांचा ढीग होता. मी त्या ढिगात गेलो नाही, म्हणजे मी बरा असणार. त्याने मला कधी शाबासकी दिली नाही. शेवटचे पॉलिश वाळल्यावर तो एवढेच म्हणाला, "चल, नीघ."

माझी पहिली नोकरी एका हॉटेलात होती. तिथे रोज संध्याकाळी लोक नाचायचे आणि आम्ही वाजवायचो. मला वाजवणारा माणूस हुशार होता, पण निष्काळजी. त्याने माझ्या खांद्यावर सिगारेट टेकवली, तो डाग अजून आहे. पुढे हॉटेलात रेकॉर्ड वाजवायचे यंत्र आले. यंत्राला पगार द्यावा लागत नाही आणि ते मालकाला उलट बोलत नाही. आम्हा सगळ्यांना सुट्टी मिळाली. माणसे दुसरीकडे गेली आणि मला मोडक्या खुर्च्यांच्या कोठीत टाकले. तिथे मी किती वर्षे होतो ते मला माहीत नाही. अंधारात सगळी वर्षे सारखीच असतात.

मग ती आली.

ती पडदे शिवायची. हॉटेलच्या दिवाणखान्यात नवे पडदे लावायला आली होती आणि शिडी शोधत कोठीत शिरली. तिला मी दिसलो. तिने माझी सर्वांत जाड तार बोटाने ओढली. तार ढिली पडली होती, त्यामुळे माझ्यातून म्हशीच्या हंबरण्यासारखा आवाज निघाला. ती मोठ्याने हसली आणि म्हणाली, "अरे वा, हा तर माझ्या आत्यासारखा बोलतो." तिने मालकाला सांगितले, "पडद्यांच्या शिलाईत हा मला द्या." मालकाला कोठी रिकामी करायची होतीच.

तिने माझ्यासाठी उरलेल्या पडद्याच्या कापडाची खोळ शिवली. तेव्हापासून मी मोठ्या पिवळ्या फुलांच्या खोळीतून हिंडलो. इतर बासांच्या खोळी काळ्या असत. मला लाज वाटायची. आता कोणी ती खोळ काढून काळी चढवली तर मी त्याला सोडणार नाही.

ती एका म्हाताऱ्या वादकाकडे शिकली. दिवसभर मशीन चालवून आल्यावर शिकायची. तिच्या बोटांना सुईचे घट्टे होतेच, त्यावर माझ्या तारांचे घट्टे पडले. लोक म्हणायचे, "बाईमाणसाला हे धूड कशाला?" ती म्हणायची, "नवरा मिळेपर्यंत टेकायला काहीतरी हवंच की."

नवराही माझ्यामुळेच मिळाला. तो बसडेपोत गाड्यांचे वेळापत्रक लावायचा आणि संध्याकाळी ड्रम वाजवायचा. डेपोत काय आणि ड्रमवर काय, त्याची वेळ कधी चुकली नाही. पहिल्यांदा दोघांनी एकत्र वाजवले, तेव्हा गाणे संपल्यावर तिने त्याला विचारले, "तुम्ही वाजवता की हजेरी लावता?" तो गोरामोरा झाला. दुसऱ्या दिवशी त्याने मला हातगाडीवर घालून तिच्या घरापर्यंत ढकलत नेले. पुढे लग्न झाले. ती त्याला घड्याळ म्हणायची. "घड्याळ, चहा घ्या." "घड्याळ, आज उशीर झाला, नवलच." तोही ऐकून घ्यायचा. त्या घरात मी, ती आणि घड्याळ असे तिघे राहत होतो. मूल झाले नाही. माझ्यासाठी मात्र दोनदा घर बदलले, कारण जिन्यात मी वळत नव्हतो.

आता स्पर्धेकडे येतो.

आमच्या शहरात दरवर्षी नव्या पियानोवादकांची जॅझची स्पर्धा भरते. वयाची अट तिशीपर्यंत. पहिल्या फेरीत सगळे एकटे वाजवतात. त्यातून पाच जण निवडून अंतिम फेरीत येतात आणि ते बास आणि ड्रमच्या साथीने वाजवतात. साथीदार स्पर्धेचेच, सगळ्यांना तेच. कित्येक वर्षे ते साथीदार म्हणजे आम्ही होतो.

जॅझमध्ये काय करतात तेही सांगतो, नाहीतर पुढचे कळणार नाही. गाण्याला चार खोल्या आहेत असे समजा. पहिल्या दोन सारख्या, तिसरी वेगळी आणि चौथी पुन्हा पहिल्यांसारखी. चार खोल्या फिरून झाल्या की परत पहिलीपासून फिरायचे. दर फेरीत पियानो वाजवणारा मनातले नवे काहीतरी वाजवतो, पण खोल्यांचा क्रम मोडत नाही. बास त्याच्या पायाखाली चालत राहतो आणि ड्रम वेळ धरून ठेवतो.

यात एक खड्डा आहे. चौथी खोली संपली की पुढच्या फेरीची पहिली आणि दुसरी येते. म्हणजे सारख्याच तीन खोल्या ओळीने लागतात. मनातले वाजवण्यात गढलेला माणूस आपण कितव्या खोलीत आहोत ते विसरतो आणि तिसरीचे दार आधीच उघडतो. बास अजून दुसरीत असतो. दोघांचे सूर एकमेकांना धडकतात. शिकणारे चुकतात आणि मोठे वादकही चुकतात. ही चूक ज्याने कधी केली नाही, त्याने जॅझ वाजवलेलाच नाही.

अशा वेळी ती काय करायची ते ऐका. पियानोवाला चुकून तिसऱ्या खोलीत शिरला की त्याच्या पहिल्याच सुरावर तिला कळायचे. ती मुकाट्याने मला घेऊन त्याच्या मागोमाग तिसऱ्या खोलीत जायची. घड्याळ तिच्या मागोमाग यायचा. आम्ही तिघेही एकाच खोलीत असलो की चूक उरतच नाही. परीक्षकांना वाटायचे, असेच बसवले असेल. वाजवणाऱ्यालाही पुष्कळदा पत्ता लागायचा नाही. घरी जाताना घड्याळ विचारायचा, "तो तिसरा मुलगा घसरला ना आज?" ती म्हणायची, "कुठे? मला नाही दिसला."

मित्रांनो, त्या स्पर्धेतून निघालेले कितीतरी जण आज मोठे झाले आहेत. त्यांच्या रेकॉर्ड निघाल्या, भिंतींवर त्यांची छायाचित्रे लागली. त्यातल्या काहींना आम्ही पडता पडता धरलेले आहे. ती गेली तेव्हा त्यांच्यातला एकही आला नाही. मी बराच काळ त्यांच्यावर संतापलो होतो. मग माझ्या लक्षात आले की ते येणार तरी कसे? आपण पडत होतो हेच त्यांना ठाऊक नाही. तेव्हा माझा राग अजून वाढला, कारण तो कोणावर काढावा तेच कळेना.

ती आजारी पडली आणि दोन ऋतूंत गेली. शेवटी शेवटी तिला मला उभे धरता येत नव्हते. घड्याळ मला पलंगाशी धरून उभा राहायचा आणि ती पडल्या पडल्या एखादी तार ओढायची. मग तेही थांबले.

त्यानंतर त्याने मला खोळीत घालून कोपऱ्यात उभे केले. माझ्याकडे पाहणे त्याने सोडले. हिवाळ्यात खोलीतली हवा कोरडी झाली आणि माझ्या कडेला चीर पडली. मी रात्री कडकडायचो, तरी तो उठायचा नाही. तिचा कोट त्याने माझ्या मानेवर अडकवून ठेवला होता. दुःख मलाही होते. पण मी खुंटी नाही. बाई गेली म्हणून तिच्या वाद्याला खुंटी करणारा माणूस तिच्यावर कसले प्रेम करतो, असे माझ्या मनात यायचे. हे मी त्याला सांगू शकत नव्हतो, म्हणून आता तुम्हाला सांगतो.

स्पर्धेचे दिवस जवळ आले तसे आयोजक घरी आले. हळहळले. चहा घेतला. मग म्हणाले, "बाईंची उणीव भरून निघणार नाही. आम्ही स्टेजवर त्यांचा मोठा फोटो ठेवणार आहोत."

घड्याळाने रिकामी कपबशी उचलून बाजूला ठेवली.

"एक विचारायचं होतं. या वर्षी बासवर बाहेरून एक पाहुणे येताहेत, फार नावाजलेले. पण विमानात ते आपलं वाद्य आणत नाहीत. तेव्हा बाईंचा बास मिळाला तर बरं होईल. आणि ड्रमवर तुम्ही असालच."

"घेऊन जा," घड्याळ म्हणाला.

जुने कपडे द्यावेत तसे त्याने मला दिले. माझ्या मानेवरचा कोट काढायलाही तो उठला नाही. तो आयोजकांनी काढला.

पाहुणे मात्र वाद्याची कदर करणारे होते. त्यांनी माझी चीर पाहिली, स्वतः उभे राहून ती चिकटवून घेतली, तारा बदलल्या. मी इतका स्वच्छ बऱ्याच दिवसांत वाजलो नव्हतो. त्यांचे बोट चुकत नसे. त्यांना वाईट म्हणणे सोपे झाले असते, पण ते तसे नव्हते. म्हणूनच मला त्यांचा जास्त राग आला.

अंतिम फेरीच्या सकाळी तालीम होती. एकेक स्पर्धक यायचा, गाणे सांगायचा, थोडे वाजवून जायचा. चौथी एक मुलगी आली. मी तिला ओळखले. ती बालवाडीत मुलांना गाणी शिकवते. आदल्या वर्षी ती पहिल्याच फेरीत बाहेर गेली होती आणि जिन्यात बसून रडत होती. तेव्हा आमच्या बाईने मला भिंतीला टेकवून ठेवले आणि ती तिच्याजवळ पायरीवर बसली. "पुढच्या वर्षी ये. अंतिम फेरीत ये. मी आहे, चुकलीस तर मागे येईन," असे तिने सांगितले होते. मुलगी आली होती. तिशी जवळ आल्याने तिचे हे शेवटचे वर्ष होते. यानंतर तिला या स्टेजवर बसता येणार नव्हते.

ती माझ्याकडे, मग मला धरणाऱ्या पाहुण्यांकडे आणि मग घड्याळाकडे पाहू लागली.

"काका, मावशी कुठे आहेत?"

कोणी तिला सांगितलेच नव्हते. आमच्या बाईचा फोटो छापायला आणि मोठा करायला आयोजकांना वेळ मिळाला, पण सांगायला मिळाला नाही. घड्याळाने ड्रमचा एक स्क्रू घट्ट केला. तो आधीच घट्ट होता.

"ती नाही आता," तो म्हणाला.

मुलीने माझ्या मानेला एकदा हात लावला. मग पियानोपुढे बसली. तालमीत तिने बरे वाजवले, पण एकदा क्रम चुकली आणि थांबली. पाहुणे शांतपणे म्हणाले, "दुसरी चालू होती. मोजत राहा."

"मावशी मागे येणार होत्या," ती म्हणाली.

"मी नाही येणार. हे आत्ताच सांगतो, म्हणजे नंतर गैरसमज नको. पाच जण आहेत. एकाला मी उचललं तर बाकीच्या चौघांवर अन्याय. ही स्पर्धा आहे, बालवाडी नाही."

"मी बालवाडीतच काम करते," ती म्हणाली. पाहुण्यांना हसू आले. घड्याळाला आले नाही. त्याने ते ऐकलेच नसावे. त्या दिवसांत तो कोणाचेच काही ऐकत नव्हता.

पाहुण्यांच्या म्हणण्याला उत्तर आहे का, याचा मी अजून विचार करतो. मला एवढेच कळते की आमची बाई एकाला उचलत नव्हती. पाचांपैकी जो घसरेल त्याच्यामागे ती जायची. त्यात अन्याय कोणावर?

संध्याकाळी सभागृह भरले. पियानोच्या बाजूला आमच्या बाईचा फोटो ठेवला होता. तिला न आवडणारा फोटो, डोळे अर्धे मिटलेले. त्या फोटोखाली मला धरून पाहुणे उभे होते. पहिल्या तिघांचे वाजवून झाले. तिघेही तयारीचे होते. कोणी चुकले नाही. चौथी पाळी त्या मुलीची होती. मग ती आली.

तिने संथ गाणे निवडले होते. पहिली फेरी फार चांगली झाली. दुसऱ्या फेरीत तिचा हात मोकळा झाला आणि ती स्वतःचे काहीतरी सांगू लागली. मुख्य परीक्षक, एक पांढऱ्या केसांच्या बाई, लिहायचे थांबवून ऐकू लागल्या. चौथी खोली संपली. पुढची पहिली झाली. दुसरी सुरू झाली आणि तिने तिसरीचे दार उघडले.

मला तिच्या पहिल्या सुरावर कळले. माझे सगळे लाकूड तिकडे जायला निघाले. पण लाकूड स्वतः जाऊ शकत नाही. पाहुण्यांची बोटे दुसऱ्या खोलीत ठाम उभी राहिली. माझ्यातून बरोबर सूर निघत होता आणि त्या प्रत्येक बरोबर सुराने ती मुलगी सगळ्यांसमोर उघडी पडत होती. ज्या तारांनी इतक्या जणांना झाकले, त्याच तारांनी. मित्रांनो, असा राग मला आयुष्यात आला नव्हता. मी तुटायचा प्रयत्न केला. तारा नव्या होत्या, तुटल्या नाहीत.

लोकांच्या लक्षात आले. कोणीतरी खोकले. मुलीची मान ताठ झाली.

तेव्हा घड्याळाने डोके वर केले. सकाळपासून तो ड्रमवर काठ्यांऐवजी बारीक तारांचे ब्रश फिरवत होता, पण मनाने तिथे नव्हता. आता त्याने तिच्याकडे पाहिले आणि पाहुण्यांना म्हणाला, "तिच्याबरोबर जा."

पाहुण्यांनी मान हलवली. नाही.

घड्याळाने ब्रश खाली ठेवले. ज्या माणसाने जन्मात एक ठोका सोडला नाही, तो भर गाण्यात उठला, चार पावले चालत आला आणि त्याने आपला पंजा माझ्या चारही तारांवर दाबला. मी बंद झालो.

"काय करताय?" पाहुणे दबक्या आवाजात म्हणाले.

"बंद."

"वेड लागलंय का तुम्हाला?"

त्याने हात काढला नाही. खरे सांगतो, त्या क्षणी मला फार बरे वाटले. वाटले, शाबास, शेवटी जागा झालास.

मुलीने एकटीने आणखी थोडे वाजवले. मग गाणे अर्ध्यातच आवरते घेतले आणि उठून आत गेली. टाळ्या पडल्या. पडू नयेत तशा पडल्या.

स्टेजमागच्या खोलीत आयोजक धावत आले. "तुमच्या दुःखाचा आम्हाला आदर आहे, पण हे म्हणजे…"

"आदर नका करू," घड्याळ म्हणाला. "या मुलीला कोणी कळवलं नाही, तेवढं करायचं होतं."

मग तो मुलीकडे वळला. त्याला वाटत असावे, ती आभार मानेल. मलाही तसेच वाटले होते. मला उचलून आत आणून भिंतीला टेकवले होते, म्हणून मला सगळे दिसत होते. मुलीचे ओठ पांढरे पडले होते.

"काका, कोणी सांगितलं होतं तुम्हाला थांबायला?"

"अगं, तो तुला…"

"मला माहीत होतं मी चुकले. मी परत येत होते. अजून थोडं थांबला असता तर आले असते. ते मला रस्ता दाखवत नव्हते, पण रस्ता होता तरी. तुम्ही सगळा दिवाच घालवलात."

घड्याळाने बाजूची खुर्ची तिच्याकडे सरकवली. ती बसली नाही.

"मावशी असत्या तर काय केलं असतं?"

"तुझ्याबरोबर आली असती."

"मग तुम्ही का नाही आलात?"

तो खाली बसला. मग म्हणाला, "मला येता येत नाही. कोण कुठे चुकलं ते मला कधीच ऐकू आलं नाही. तिला ऐकू यायचं. ती वळली की मी फक्त तिच्या मागे जायचो."

हे मला माहीत नव्हते. इतकी वर्षे मी त्या दोघांच्या मध्ये उभा होतो आणि मला हे माहीत नव्हते. मला वाटायचे, दोघांनाही कळते. आणि मघाशी मला जे बरे वाटले होते, त्याचीही मला चीड आली. एका माणसाने तिला एकटे उभे केले होते आणि दुसऱ्याने तिच्या अंगावरचे उरलेले पांघरूणही ओढले होते. त्यावर मी शाबास म्हणालो होतो.

तेवढ्यात मुख्य परीक्षक बाई दारात आल्या. "तार तुटली तर आम्ही स्पर्धकाला पुन्हा वाजवू देतो," त्या म्हणाल्या. "साथच तुटली तर देणार नाही का? पाचव्याचं झालं की हिने यावं. पण साथीचं काय ते तुमचं तुम्ही ठरवा."

पाहुणे मला सोडून कोट घालत होते. "माझी काहीही चूक झालेली नाही," ते म्हणाले. "आणि असा हात माझ्या वाद्यावर कोणी ठेवलेला नाही."

"नाही चुकलात," घड्याळ म्हणाला. "आणि ते वाद्य तुमचं नाही."

पाहुणे निघून गेले. खोलीत मी, घड्याळ आणि ती मुलगी उरलो. साथ उरली नव्हती, म्हणून पाचवा स्पर्धक बाहेर एकटाच वाजवत होता. फार छान वाजवत होता, हेही सांगायला हवे.

"एकटी वाजव," घड्याळ म्हणाला. "मी नको."

राग तिचा गेला नव्हता. "एकटीने वाजवायचं असतं तर मी पहिल्या फेरीतच खूश झाले असते," ती म्हणाली. "थांबणार नाही ना पुन्हा?"

"नाही."

"मी चुकले तर?"

"चूक."

"आणि तुम्हाला कळलंच नाही मी कुठे आहे, तर?"

"तर मीही चुकेन. मग दोघं मिळून शोधू."

"हे काही फार धीर देणारं नाही, काका."

"माहीत आहे," तो म्हणाला.

मला त्यांनी स्टेजवर नेले, पण वाजवायला कोणी नव्हते, म्हणून पियानोजवळ कुशीवर निजवले. इतक्या महत्त्वाच्या वेळी मी जमिनीवर. पण वाद्यांचे एक असते. जवळ मोठा सूर लागला की आमच्या तारा कोणी हात न लावता हलतात. ती वाजवू लागली आणि माझ्या तारा हलू लागल्या. बाहेर कोणाला ऐकू जाईल इतका तो आवाज नव्हता. मला पुरेसा होता.

ती पुन्हा चुकली. त्याच जागी नाही, चौथ्या खोलीत. घड्याळाने मान वाकडी करून कान लावला. त्याला सापडेना. तो ठोका सोडून भलतीकडे गेला. आयुष्यात पहिल्यांदा घड्याळाची वेळ चुकली. दोघे एकमेकांना शोधत होते आणि ते सगळ्या सभागृहाला ऐकू येत होते. तिने डावा हात जोरात टाकला, मी इथे आहे असे सांगितल्यासारखा. तो तिकडे वळला. मग दोघे एकत्र पहिल्या खोलीत आले आणि शेवटपर्यंत एकत्र राहिले. ती वाजवताना हसत होती. तो रडत होता, पण ब्रश थांबले नाहीत.

निकालही सांगतो. तिला काही मिळाले नाही. बक्षीस पाचव्याला गेले आणि ते योग्यच होते. चूक सर्वांना ऐकू आली होती, चुकीला गुण मिळत नाहीत. मुलगी म्हणाली, "गाणं पुरं झालं ना, बास." ती दुसऱ्या दिवशी बालवाडीत गेली. तिचे वय आता उलटले. त्या स्टेजवर ती पुन्हा बसणार नाही. ज्यांनी तिला काही सांगितले नाही, ज्यांनी तिला धरले नाही आणि ज्याने भलत्या वेळी हात घातला, त्यांच्यापैकी कोणालाही याची शिक्षा झाली नाही. माझा राग यासाठी आहे आणि तो जायचा नाही.

मी सध्या घरी आहे. घड्याळ मला वाजवायला शिकतो आहे. या वयात. त्याला ते ऐकायला शिकायचे आहे, जे तिला ऐकू यायचे. बोटे जाड, सूर वेडेवाकडे, शेजारी भिंतीवर बुक्क्या मारतात. त्याने चुकीची तार ओढली की मी अंगभर शहारतो. शनिवारी ती मुलगी येते, पियानोऐवजी टेबलावर बोटे वाजवत गाणे म्हणते आणि मुद्दाम चुकते. "ओळखा, कुठे गेले?" दहादा विचारले तर तो दोनदा ओळखतो. आठ वेळा ती म्हणते, "काका, तुम्ही चुकलात." आणि त्याच्याबरोबर चुकीच्या खोलीत जाते.

मित्रांनो, वाद्य कोरड्या हवेत ठेवू नका, तारा ढिल्या करून ठेवा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. ते कराच. पण माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या शेजारी कोणी वाट चुकला तर तुम्ही बरोबर आहात हे त्याला दाखवत उभे राहू नका. त्याला ते दिसतच असते. आणि त्याची दया येऊन सगळेच थांबवूही नका. त्याच्याबरोबर चाला. तुम्ही बरोबर होतात हे कोणाला कळणार नाही, तुमचे नाव कोणी घेणार नाही. तरी चाला. आणि तुमच्याबरोबर असे कोणी चालत असेल तर ते आज ओळखा. माणूस जिवंत असताना ओळखा. नंतर मोठे फोटो लावू नका. त्या फोटोखाली उभे राहायची माझ्यात आता ताकद नाही.